वारसा कुणाचा, उद्याचा काळ कुणाचा?

वारसा हा शब्द आमच्या खेड्यात प्रथम तलाठ्याच्या तोंडून ऐकू येतो. बाप गेला की पोरांनी वारस लावायचे, फेरफार व्हायचा आणि सातबाऱ्यावर नावे चढायची. ज्याच्या नावावर गुंठाभर रान नाही त्याच्या घरी मरण येते, पण वारसा येत नाही. माझ्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. आजोबांच्या मागे सातबाऱ्यावर चढवण्यासारखे काही नव्हते. त्यामुळे ‘सांस्कृतिक वारसा’ हे शब्द जेव्हा महाविद्यालयात ऐकले, तेव्हा ते दुसऱ्या कुणाच्या तरी मालमत्तेविषयी आहेत असेच वाटले.

आज मी बीड जिल्ह्यातच मराठी शिकवतो. या जिल्ह्याचा वारसा सांगा म्हटले की विद्यार्थी भराभर नावे घेतात : बीडचे कंकालेश्वर, निजामशाहीच्या काळातली खजाना विहीर, धारूरचा किल्ला, अंबाजोगाईची मुकुंदराजांची समाधी, दासोपंतांची पासोडी. ही स्थळे मोलाची आहेत, आणि त्यांचीही हेळसांडच चालली आहे. पण या यादीकडे नीट पाहिले पाहिजे. बांधवून घेणाऱ्याचे नाव पाटीवर येते. दगड फोडणाऱ्याचे आणि माती वाहणाऱ्याचे येत नाही. लिहिणाऱ्याची समाधी होते. ज्यांना लिहू दिले गेले नाही त्यांचे काय? त्यांनी काहीच निर्माण केले नाही, असे मानायचे काय?

हा प्रश्न माझ्या वर्गात ऐरणीवर आला तो एका परदेशी चित्रपटामुळे. ‘ब्लॅक पँथर’ हा तो चित्रपट. रायन कूगलर या दिग्दर्शकाने केलेला हा विज्ञानकल्पनेचा पट २०१८ साली आला आणि त्याने जगभरात १३० कोटी डॉलरांहून अधिक कमाई केली. माझ्या विद्यार्थ्यांनी तो मोबाइलवर, हिंदी आवाजात पाहिलेला आहे. त्यांना त्यातली मारामारी आवडते. नाव ऐकताच माझ्या मनात मात्र दुसरेच पँथर उभे राहतात. १९६६ च्या उन्हाळ्यात ‘ब्लॅक पँथर’ हा नायक अमेरिकन चित्रकथेत अवतरला. त्याच वर्षी ऑक्टोबरात ऑकलंड शहरात ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पक्ष काढला. आणि १९७२ साली मुंबईत त्या पक्षाचे नाव घेऊन दलित पँथर उभी राहिली. कूगलर त्या ऑकलंडचाच, आणि त्याच्या चित्रपटाची सुरुवातही १९९२ च्या ऑकलंडमध्ये होते. म्हणजे ही गोष्ट आपल्याला वाटते तितकी लांबची नाही.

ज्यांनी हा चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वाकांडा हा आफ्रिकेतला एक काल्पनिक देश. आकाशातून पडलेला व्हायब्रेनियम नावाचा अद्भुत धातू त्यांच्या भूमीत आहे. त्याच्या बळावर त्यांनी जगाला मागे टाकणारे विज्ञान उभे केले आणि स्वतःला जगापासून लपवून ठेवले. म्हणून त्यांना कुणी गुलाम केले नाही. या देशाच्या राजाचा चुलतभाऊ मात्र ऑकलंडच्या वस्तीत बापाविना वाढलेला आहे. तो लंडनच्या एका संग्रहालयात काचेआडची आफ्रिकी हत्यारे पाहतो आणि तिथल्या अधिकारी बाईला विचारतो, की तुमच्या पूर्वजांनी या वस्तू रास्त किंमत देऊन घेतल्या होत्या काय? हा प्रसंग कल्पित, पण त्यामागचा इतिहास खरा आहे. १८९७ साली ब्रिटिश फौजेने बेनिनचे राज्य लुटले आणि तिथली हजारो ओतीव शिल्पे युरोपच्या संग्रहालयांत जाऊन बसली.

या चित्रपटाने भविष्यकाळ कशाने विणला, ही त्यातली खरी शिकण्यासारखी गोष्ट. वाकांडाचे लोक आपसात बोलतात ती भाषा बनावट नाही. ती दक्षिण आफ्रिकेतली खोसा भाषा आहे. राजमातेच्या डोक्यावरचा मुकुट झुलू समाजातल्या विवाहित स्त्रियांच्या टोपीवरून घेतला आहे, आणि तो संगणकावर रेखून यंत्रातून थरावर थर देत घडवलेला आहे. सरहद्दीवरचे योद्धे पांघरतात ती घोंगडी लेसोथोतल्या बासोथो लोकांची. आजीची टोपी आणि उद्याचे यंत्र यांत तिथे वैर नाही. वेशभूषेसाठी रूथ कार्टर आणि कलादिग्दर्शनासाठी हॅना बीचलर यांना २०१९ साली ऑस्कर मिळाले. त्या त्या विभागात हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्रिया. ज्यांच्या पूर्वजांची भाषाच हिरावून घेतली गेली, त्यांनी शोधून, विचारून, अभ्यास करून आपला काल गोळा केला आणि त्यातून उद्या शिवला.

आता आपल्याकडे पाहू. २०२४ साली ‘कल्की २८९८ एडी’ हा प्रचंड खर्चाचा भारतीय विज्ञानपट आला. काळ आठशे-नऊशे वर्षांनंतरचा, आकाशात उडणारी वाहने, आणि कथा मात्र महाभारताची. अश्वत्थामा अजून जिवंत आहे, अवतार जन्माला यायचा आहे. शेवटी नायक हा पूर्वजन्मीचा कर्ण असल्याचे उघड होते. कर्ण म्हणजे सूतपुत्र म्हणून हिणवला गेलेला माणूस, आपल्याला जवळचा. पण इथेही त्याचे कर्तृत्व येते ते मागच्या जन्मातून! २८९८ सालापर्यंत पोचूनही जन्माचा हिशेब काही सुटत नाही. ज्यांच्या हाती पोथी होती, त्यांच्या कल्पनेतला भविष्यकाळही पोथीतूनच उगवतो.

मग आमच्या हाती काय आहे? याचे एक उत्तर माझ्या जिल्ह्यातच, माजलगावात आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ या दोघा संशोधकांनी पुण्याहून काम करीत महाराष्ट्रातल्या जात्यावरच्या ओव्या जमवल्या. हजाराहून अधिक गावे, तीन हजारांहून अधिक गायिका, एक लाखाहून अधिक ओव्या असा हा संग्रह आहे. १९९६ साली माजलगावच्या भीमनगर वस्तीतल्या स्त्रियांनी गायलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्या त्यांनी ध्वनिमुद्रित केल्या. पॉइतवँ २००४ साली आणि राईरकर २०१० साली गेल्या. पुढे पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने २०१७ पासून हा ठेवा लोकांसमोर आणला. प्रत्येक ओवीपाशी गाणारीचे नाव आहे, गाव आहे. हे नाव नोंदवणे मला सर्वांत मोठे वाटते. ज्यांचे नाव सातबाऱ्यावर कधी चढले नाही, त्या बायकांच्या नावावर ओवी चढली.

या ओव्यांत काय घडते ते समजून घेतले पाहिजे. पहाटेच्या अंधारात जात्यापाशी बसलेली बाई मुळात माहेर गाते, भाऊ गाते, पंढरीचा देव गाते. तिचे ऐकणारे दुसरे कुणी नसते. दळणाची लय आणि जात्याची घरघर एवढीच साथ. बाबासाहेबांच्या चळवळीनंतर या गाण्यात एक मोठी उलथापालथ झाली. जिथे भाऊ होता तिथे भीम आला, भावजयीच्या जागी रमाई आली, देवाच्या जागी बुद्ध आला. कुठल्या व्यासपीठावर ठराव झाला नाही, कुणी पत्रक काढले नाही. निरक्षर बायकांनी हजार वर्षांचा साचा हातात घेतला आणि त्यातला आशय बदलून टाकला. धर्मांतराचा अर्थ पंडित शब्दांत मांडत होते, तेव्हा या बायका तो रोजच्या पिठाबरोबर घरात आणत होत्या. याला साहित्य म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे?

आणि हा ठेवा आज विरतो आहे. गावात पिठाची गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले. माझी आजी जात्यावर गायची. माझ्या आईला त्यातल्या थोड्या ओव्या येतात. माझ्या बहिणीला एकही येत नाही. पण इथे भावनेच्या भरात जाऊन चालणार नाही. गिरणी आली तेव्हा माझ्या आजीला आनंदच झाला होता. पहाटे उठून पायलीभर दळायचे आणि मग दुसऱ्याच्या रानात राबायला जायचे, हे पुन्हा यावे असे कुठली बाई म्हणेल? जाते परत नको. ओवी मात्र हवी.

हा विवेक आपल्याला बाबासाहेबांनी शिकवला आहे. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत त्यांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा, शिळेपाके मागून खाणे सोडा, असे निक्षून सांगितले. ती ‘परंपरा’च होती, पण ती गुलामीने लादलेली होती. म्हणून आपला वारसा जसाच्या तसा डोक्यावर घेण्याचा नाही, तो सुपात घेऊन पाखडण्याचा आहे. या कसोटीवर वाकांडाही पुरता उतरत नाही. तिथे गादीवर हक्क राजरक्ताचा, आणि समृद्धीचे मूळ आकाशातून पडलेल्या धातूत. आमच्यासाठी आकाशातून काही पडले नाही. आमच्याकडे जे आहे ते श्रमातून आलेले आहे, आणि ते जन्माने मिळत नाही. ते शिकावे लागते, ऐकावे लागते, लिहून ठेवावे लागते.

गेल्या वर्षी मी वर्गात एक निबंध दिला : शंभर वर्षांनंतरचे माझे गाव. आमच्या जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास टोळ्या ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. वर्गातली काही बाके तेव्हा रिकामी होतात. बहुतेक मुलांनी लिहिले की यंत्रमानव ऊस तोडतील, गाड्या उडतील, गाव शहरासारखे होईल. गोष्टीतल्या माणसांची नावे, बोली, घरे सगळी सिनेमातली. एका मुलीने मात्र लिहिले की शंभर वर्षांनंतर गावात एक संग्रहालय असेल, त्यात काचेआड एक कोयता ठेवलेला असेल आणि खाली पाटी असेल : ‘एक कोयता म्हणजे एक नवरा आणि एक बायको.’ मुकादमाच्या हिशेबात आजही जोडप्याला कोयताच म्हणतात. माणसाला हत्याराच्या नावाने मोजणारी ही व्यवस्था तिने एका ओळीत संग्रहालयात जमा केली. मला विचाराल तर हीच आमची विज्ञानकथा.

या मुलीला उद्या लिहायचे असेल तर तिच्या हाताशी आजीची भाषा असली पाहिजे. त्यासाठी कुणाच्या अनुदानाची वाट पाहायची गरज नाही. मराठी शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने दरवर्षी प्रत्येक विद्यार्थ्याकडून घरातल्या वा वस्तीतल्या एका वृद्ध स्त्रीच्या ओव्या, कहाण्या, कामाचे शब्द लिहून घ्यावेत. तिला विचारून, तिच्या संमतीने घ्यावेत. तिचे नाव, गाव, तारीख लिहावी. मोबाइल आज जवळजवळ प्रत्येक घरात आहे. आवाजही उतरवून ठेवावा. कार्यकर्त्यांनी १४ एप्रिलच्या कार्यक्रमात भाषणे थोडी आवरून एखाद्या म्हातारीला ध्वनिक्षेपकासमोर बसवावे. आणि हे जमवलेले विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात लोकसाहित्याच्या कोपऱ्यात न टाकता दलित कवितेच्या आधीचे पहिले पान म्हणून शिकवले जावे, अशी मागणी आपण लावून धरली पाहिजे.

माजलगावच्या ओव्या नोंदल्या त्याला आता जवळजवळ तीस वर्षे होत आली. तेव्हा पन्नाशीत असलेली बाई आज ऐंशीची आहे. जिल्ह्यातल्या इतर शेकडो वस्त्यांतल्या अशा किती बायका अजून हयात असतील, हे विचारायला उशीर करून चालणार नाही. उन्हाळ्याची सुट्टी तोंडावर आहे. वह्या घेऊन निघावे.