उत्तरपत्रिकेला न्याय

विद्यापीठीय परीक्षेतील गुणांवर विद्यार्थ्याचा पुढील प्रवेश, शिष्यवृत्ती आणि पुष्कळदा नोकरीही अवलंबून असते. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने १९४९ सालीच परीक्षापद्धतीच्या सुधारणेस अग्रस्थान दिले होते. यास्तव, हे गुण कितपत विश्वसनीय असतात, हा प्रश्न मोलाचा ठरतो.

ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू सर फिलिप हार्टॉग यांनी पुढे इंग्लंडमध्ये ऱ्होड्स यांच्यासमवेत याच प्रश्नाचा शोध घेतला. १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालातील एक प्रयोग उद्बोधक आहे. शालान्त परीक्षेतील इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका त्याच १४ परीक्षकांकडून वर्षभराहून अधिक काळाने पुन्हा तपासून घेण्यात आल्या. एकूण २१० निर्णयांपैकी ९२ निर्णय दुसऱ्या वेळी बदलले. उत्तर तेच, परीक्षकही तोच. निकाल मात्र निराळा!

हा अप्रामाणिकपणा नव्हे. निबंधवजा उत्तरात आशयाला किती, मांडणीला किती आणि भाषेला किती गुण द्यावयाचे, हे आधी ठरलेले नसले की मोजपट्टी नकळत सरकते. विद्यापीठांतही हाच धोका संभवतो.

त्यावरील उपाय साधे आहेत. प्रत्येक मुद्द्याचे गुण तपासणीपूर्वी लेखी ठरवावेत. काही उत्तरपत्रिका सर्व परीक्षकांनी नमुन्यादाखल तपासून गुणांतील तफावतीची चर्चा करावी. नावाऐवजी सांकेतिक क्रमांक असावा. एक प्रश्न सर्व उत्तरपत्रिकांतून तपासल्यावरच पुढील प्रश्न हाती घ्यावा. अंतर्गत मूल्यमापनात शिक्षक विद्यार्थ्यास ओळखत असतो. म्हणून तेथे गुणदानाचे निकष सत्राच्या आरंभीच जाहीर करणे अधिकच अगत्याचे होय.

विद्यार्थ्यालाही एक हक्क लाभला आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये परीक्षार्थीस स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये दिला. तथापि, उत्तरपत्रिका पाहण्याचा हा हक्क म्हणजे पुनर्मूल्यांकनाचा हक्क नव्हे. ते त्या त्या विद्यापीठाच्या नियमांनुसारच होते.

घरातून प्रथमच महाविद्यालयात गेलेल्या ग्रामीण विद्यार्थ्यास ही माहिती बहुधा कोणी सांगत नाही. शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी ती त्याच्यापर्यंत पोहोचवावी. परीक्षा कठीण असण्यास हरकत नाही. मात्र तिची मोजपट्टी सर्वांसाठी एकच असली पाहिजे आणि ती विद्यार्थ्यालाही दिसली पाहिजे.