बटण सांगतं साल!

जुन्या चित्रातला शिपाई नेमका कधीचा? चेहरा सोडा, त्याचे कपडे बघा!

कॉलेजचा ग्रुप फोटो कुठल्या जमान्यातला, हे आपण बेलबॉटमवरून सेकंदात ओळखतो ना? अठराव्या शतकातल्या फौजी चित्रांचंही तसंच आहे. ब्रिटिश लाल कोटाच्या बटणांवर पलटणीचा नंबर आला १७६७च्या हुकमाने. नळकांड्यासारखी उंच शाको टोपी आली १८०० मध्ये. शिपायांची वेणी कापली गेली १८०८ मध्ये. शाको आणि वेणी दोन्ही दिसली, तर प्रसंग या आठ वर्षांतला. सिंपल!

पण चित्र रंगवलं कधी, हा वेगळाच प्रश्न. पुणे दरबाराचं गाजलेलं पेंटिंग घ्या. सवाई माधवराव पेशवे आणि इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट यांचा करार १७९०चा. चित्र पूर्ण केलं थॉमस डॅनियलने, १८०५ मध्ये, इंग्लंडात. तो दरबारात नव्हताच! हाताशी होती जेम्स वेल्सची स्केचेस. वेल्सही पुण्यात आला करारानंतर आणि १७९५ मध्ये वारला. एकाच फ्रेममध्ये तीन काळ!

म्हणून जाणकार सगळ्यात नवी वस्तू शोधतात. चित्र तिच्याआधीचं असूच शकत नाही. जुना कोट मात्र फसवतो, तो कुणीही वर्षानुवर्षं घालतो.

वरोऱ्याच्या घरी भिंतीवर युनिफॉर्ममधले पणजोबा आहेत? पुढच्या सुट्टीत काच पुसा आणि टोपी, बिल्ला, बटणं नीट बघा. फोटोमागे लिहिलेलं साल खरं की कुणाचा अंदाज, तेच सांगतील.