वाचनाची पूर्वतयारी

अक्षरविद्येचा आरंभ पाटीवर होतो असा आपल्याकडील मामूल समज आहे, आणि मूल चार वर्षांचे होते न होते तोच त्याच्याकडून अक्षरे गिरवून घेण्याची तजवीज मोठ्या ममतेने केली जाते. परंतु मानसशास्त्राच्या मते वाचनाची पूर्वतयारी डोळ्यांच्याही आधी कानांनी होत असते. ऑक्सफर्डचे लिनेट ब्रॅडली व पीटर ब्रायंट यांनी 1983 साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, वाचू न लागलेल्या चार-पाच वर्षांच्या सुमारे 400 मुलांना काही शब्द ऐकवून त्यांतला विजोड नादाचा शब्द ओळखावयास सांगितले, तेव्हा ज्यांना हे भेद चांगले उमगत होते ती मुले पुढील तीनचार वर्षांत वाचनात आणि शुद्धलेखनात सामान्यतः सरस ठरली. बुद्धीतील फरक हिशेबात धरूनही हा संबंध टिकला. पुढे ज्या मुलांचा कान कच्चा होता त्यांपैकी काहींना दोन वर्षे तालीम दिली गेली, आणि तीत ध्वनीच्या खेळाला प्लॅस्टिकच्या अक्षरांची जोड मिळालेली मुले सर्वांत पुढे गेली. पालकांच्या दृष्टीने हा दुसरा निष्कर्षच मला अधिक मोलाचा वाटतो, कारण त्यात अक्षराला मज्जाव नाही, केवळ नादाची संगत दिलेली आहे.

मराठी घरात ही सामग्री विपुल आहे. भेंड्या लावताना शेवटचे अक्षर पकडणारे, 'कमळ' म्हणताना तीन टाळ्या वाजवणारे, 'घर, सर, दूध' यांतून 'दूध' वेगळे काढणारे मूल शब्दाचे पृथक्करणच करीत असते. ही तयारी नसता 'कि' लिहिताना नंतर उच्चारली जाणारी वेलांटी आधी का काढावी, हे कोडे त्याला फार जड जाते.

कानाइतकेच महत्त्व संभाषणाला आहे. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 साली दाखविले की, दोन-तीन वर्षांच्या मुलांना चित्रपुस्तक नुसते वाचून न दाखवता, "हा काय करतोय?", "मग काय होईल?" असे विचारून त्यांचे तुटपुंजे उत्तर आईवडिलांनी वाढवून परत दिले, तर महिनाभरातच मुलांच्या बोलण्यात लक्षणीय प्रगती होते. असे प्रश्न विचारण्यास चित्र पुरेसे असते. म्हणून स्वतः निरक्षर असलेल्या आईलाही लेकराला मांडीवर घेऊन पुस्तक उघडण्याचा पूर्ण अधिकार आहे, आणि अंगणवाडीतील पुस्तके कपाटात कुलूपबंद न ठेवता अशा घरी पोचती करावयास हवीत.