‘किंग्ज इंडियन डिफेन्स’ म्हणजे काय? चाली, मुख्य प्रकार आणि ॲपमधल्या पट्टीचा अर्थ

रत्नागिरी स्टँडवर एसटीची वाट बघत फोनवर बुद्धिबळाचा एक डाव टाकलाय. तुम्ही काळ्या मोहऱ्यांनी खेळताय. चार-पाच चाली होतात आणि स्क्रीनवर नाव येतं, ‘किंग्ज इंडियन डिफेन्स’. डाव संपल्यावर ॲनालिसिस उघडता, तर बाजूची पट्टी सुरुवातीपासूनच पांढऱ्याकडे झुकलेली. म्हणजे आपण पहिल्याच चालींत चुकलो का? नाही! का, ते बघूया.

नावात ‘इंडियन’ कुठून आलं?

आपल्याकडच्या जुन्या देशी पद्धतीत प्यादं पहिल्या चालीलाही साधारणपणे एकच घर पुढे जायचं. आजोबांकडून खेळ शिकला असाल, तर हे ऐकलंही असेल. त्यामुळे सावकाश मांडणी करायची, उंट बाजूच्या घरात बसवायचा, अशी खेळण्याची सवय होती. १८५० च्या दशकात कोलकात्यात महेशचंद्र बॅनर्जी हे जॉन कॉक्रन या स्कॉटिश वकिलाशी असे पुष्कळ डाव खेळले. त्या डावांच्या नोंदी राहिल्या आणि पुढे या धाटणीच्या बचावांना ‘इंडियन’ हे नाव चिकटलं.

मूळ चाली

पटावरच्या उभ्या रांगा ए ते एच आणि आडव्या १ ते ८.

१. पांढरा: प्यादं डी४, काळा: घोडा एफ६
२. पांढरा: प्यादं सी४, काळा: प्यादं जी६
३. पांढरा: घोडा सी३, काळा: उंट जी७
४. पांढरा: प्यादं ई४, काळा: प्यादं डी६

यानंतर काळा राजाच्या बाजूला कॅसलिंग, म्हणजे किल्लेकोट करतो. पटाचा मध्य त्याने पांढऱ्याला देऊन टाकलेला असतो, पण तो कायमचा नाही. रत्नदुर्गाला जसं तीन बाजूंनी समुद्राचं संरक्षण, तसा काळ्याचा राजा आता प्यादी, उंट आणि हत्तीच्या आड सुरक्षित आहे. आता ई५ किंवा सी५ खेळून मध्यावर धडक मारायची. ही धडक विसरलात, तर मात्र जागेअभावी तुमची कोंडी होते.

मुख्य प्रकार कोणते?

क्लासिकल: पांढरा घोडा एफ३ आणि उंट ई२ खेळतो, काळा ई५ ढकलतो. पांढऱ्याने डी५ खेळून मध्य बंद केला, की शर्यत सुरू! पांढरा वजिराच्या बाजूला सी५ करून घुसतो, काळा एफ५, एफ४, जी५ अशी प्यादी थेट राजावर सोडतो. यातल्या एका प्रसिद्ध फांदीला अर्जेंटिनातल्या मार देल प्लाता शहराचं नाव आहे.

झेमिश: पांढरा एफ३ खेळून ई४ चं प्यादं पक्कं करतो. मग बऱ्याचदा वजिराच्या बाजूला कॅसलिंग करून एच आणि जी प्यादी तुमच्यावर सोडतो.

चार प्यादी: सी, डी, ई, एफ ही चारही प्यादी चौथ्या रांगेत. दिसायला भीतीदायक, पण पुढे गेलेली प्यादी सांभाळावीही लागतात. इथे सी५ हे काळ्याचं नेहमीचं उत्तर.

फियांकेटो: पांढराही जी३ आणि उंट जी२ करतो. शांत प्रकार आहे, त्यात राजावर हल्ला चढवणं अवघड जातं.

तिसऱ्या चालीला उंट जी७ ऐवजी डी५ खेळलात, तर तो ग्रुनफेल्ड बचाव होतो. अर्न्स्ट ग्रुनफेल्डने तो १९२२ मध्ये गाजवला. पण महेशचंद्रांनी हीच कल्पना १८५५ मध्ये कॉक्रनविरुद्ध खेळून दाखवली होती.

एक सापळा लक्षात ठेवा

क्लासिकलमध्ये ई५ नंतर पांढरा तुमचं प्यादं मारतो, तुम्ही डी प्याद्याने मारता. मग वजिरावजिरी होते आणि पांढऱ्याचा घोडा ई५ चं प्यादं खातो. प्यादं फुकट गेलं? छे! तुमचा घोडा ई४ चं प्यादं खातो. घोडा हलल्यामुळे जी७ च्या उंटाची वाट मोकळी झाली. पांढऱ्याने तो घोडा मारला, की उंट ई५ वरचा घोडा उचलतो. हिशेब बरोबरीत!

मग ती पट्टी काय सांगते?

पांढऱ्याकडे जागा जास्त असल्याने इंजिन त्याला थोडा वरचढ दाखवतं. पण त्या आकड्यामागे पुढच्या अचूक चाली गृहीत धरलेल्या असतात. तुमचा प्रतिस्पर्धी इंजिन नाही, तोही तुमच्यासारखाच फोनवर खेळतोय. बॉबी फिशर आणि गॅरी कास्पारोव्ह हे जगज्जेते हाच बचाव आवडीने खेळायचे. पट्टी किंचित झुकली म्हणून सुरुवात बदलू नका. ती एकदम कोसळली, ती चाल शोधा. चूक तिथे आहे.

सराव कसा करायचा?

लिचेस हे ॲप मोफत आहे. त्यातल्या ओपनिंग एक्सप्लोररमध्ये वरच्या चाली टाका, पुढे लोक काय खेळतात ते दिसेल. पावसात नेटवर्क गेलं तरी कॉम्प्युटरशी ऑफलाइन खेळता येतं. आठवडाभर एकच प्रकार घ्या आणि प्रत्येक डावानंतर एकच प्रश्न विचारा: मी ई५ किंवा सी५ वेळेवर खेळलो का?

आणि हो, चालू डावात इंजिनची मदत घेऊ नका. पकडले गेलात तर खातं बंद होतं आणि शिकायचं राहतं ते वेगळंच.