मे महिन्यातली सायकल आणि बाजारहाट

मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की नांदेड काय, लातूर काय, घरोघरी एकच फर्मान निघतं: उन्हात सायकल काढायची नाही. फर्मान निम्मं बरोबर आहे. दुपारी बारा ते साडेचार सायकलच काय, स्वतःलाही बाहेर काढू नये. पण दळण, भाजी, औषधं, बँक ही कामं काही ऊन उतरायची वाट बघत नाहीत, आणि घरातल्या प्रत्येकाला गाडी मिळतेच असं नाही. तेव्हा उन्हात सायकल चालवताना अंगाचं नेमकं काय होतं, हे एकदा नीट बघून घेतलेलं बरं.

पेपरात छापलेला 43 अंशांचा आकडा सावलीतला असतो. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून साधारण चार फुटांवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवलेला असतो. त्याला ऊन लागत नाही, खालचं डांबरही भाजत नाही. आपल्याला दोन्ही लागतं. भर दुपारी डांबर 60 अंशांच्या पुढे जातं आणि पायडलवरच्या पोटऱ्यांना त्याची धग खालून येते.

त्यात भर आपलीच. सायकल मारताना खर्च होणाऱ्या ताकदीतला जेमतेम पाचवा हिस्सा चाक फिरवतो, बाकीची सगळी उष्णता होऊन अंगातच राहते. साठ किलोचा माणूस रमतगमत चालला तरी तासाला दोनशेच्या आसपास किलोकॅलरी उष्णता अंगाबाहेर काढावी लागते. हवा कातडीपेक्षा गार असेल तर थोडी उष्णता हवाच नेते. कातडी असते 35 अंशांच्या आसपास, त्यामुळे हवा 42 वर गेली की उलटा व्यवहार सुरू होतो आणि हवाच आपल्याला तापवू लागते. मग उरतो फक्त घाम. एक लिटर घाम पूर्ण सुकला तर साधारण 580 किलोकॅलरी घेऊन जातो. मात्र अट सुकण्याची आहे, कारण ठिपकून खाली पडलेला घाम वाया जातो.

मराठवाड्याचं नशीब इथं उघडतं. आपली मे महिन्यातली हवा कोरडी ठक्क. 42 अंश तापमान आणि 20 टक्के आर्द्रता असेल तर वाऱ्याला टांगलेलं ओलं फडकं 24 अंशांच्या आसपास उतरू शकतं. माठ, वाळ्याचा पडदा, कूलर सगळे याच हिशेबावर चालतात. म्हणून डोक्याला, मानेला गुंडाळायची दस्ती कोरडी नेऊच नका. पिळून ओली बांधा आणि वीस-पंचवीस मिनिटांनी सुकली की पुन्हा भिजवा. पाण्याच्या बाटलीवर ओला सुती पायमोजा चढवला तर पाणी बऱ्यापैकी गार राहतं. जुन्या जीपगाड्यांना लटकणारी कॅनव्हासची छागल याहून वेगळं काही करत नव्हती. अंगात सैल, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा हवा. उघड्या हातांना वारा लागून बरं वाटेल असा समज असतो, पण 42 अंशांचा वारा उघड्या कातडीला भाजतो आणि घामेजलेल्या सुती बाहीला गार करतो.

कोरड्या हवेचा धोकाही तिथंच आहे. घाम दिसत नाही, म्हणून तहान लागेपर्यंत बरंच पाणी गेलेलं असतं. निघण्याआधीच तांब्याभर पाणी किंवा मीठ घातलेलं ताक प्यावं. खिशात कांदा ठेवायची जुनी पद्धत आहे. ठेवायला हरकत नाही, पण त्यावर विसंबू नये. तो जेवणात खावा.

आता वेग. सायकलवाल्याला वारा लागतो तो त्याने स्वतः तयार केलेला, त्यामुळे जोरात मारलं तर जास्त गार वाटेल असं वाटतं. हिशेब तसा नाही. ताशी 12 किलोमीटरवरून 18 वर गेलात तर हवा कापायला लागणारी ताकद सव्वातीन पटींहून जास्त होते आणि त्यासोबत अंगातली उष्णताही वाढते. वारा मात्र दीडपटच मिळतो. बोलता बोलता दम लागणार नाही असा वेग उन्हाळ्यात बरा. एक गंमत वाऱ्याच्या दिशेची. मे महिन्यात दुपारनंतर वारा बहुधा पश्चिमेकडून, वायव्येकडून असतो. तो पाठीशी घेऊन पूर्वेकडे निघालं की पायांना सुख, पण वारा आणि सायकल एकाच वेगाने चालली तर अंगाला झुळूकही लागत नाही. समोरून वारा असताना पाय कुरकुरतात आणि अंग निवतं.

खरा त्रास चालवताना होत नाही, थांबल्यावर होतो. पाय थांबले तरी अंगात साठलेली उष्णता बाहेर पडायचीच असते आणि वारा तर बंद झालेला असतो. म्हणून सिग्नलला, रेल्वे फाटकाला, गिरणीच्या रांगेत भळाभळा घाम फुटतो. तेव्हा मार्ग ठरवताना अंतरापेक्षा थांबे मोजावेत. किलोमीटरभर लांबचा पण गल्लीबोळांतून वाहता रस्ता चालेल, चार सिग्नलांचा सरळ रस्ता नको. सिग्नल लाल दिसला तर पांढऱ्या पट्ट्यापर्यंत जायचा आग्रह धरू नये. चार हात अलीकडे लिंबाची सावली असेल तर तिथंच पाय टेकावा.

सावलीचा हिशेब मात्र थोडा बारकाईने करायला हवा. मे महिन्याच्या मध्यात आपल्याकडे सूर्य बरोबर डोक्यावर येतो. लातूरला 13 मेच्या सुमारास, नांदेडला त्यानंतर तीनेक दिवसांनी. त्या दिवशी साधारण सव्वाबाराला उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्या वेळी रस्त्यावर भिंतीची सावली शोधण्यात अर्थ नसतो. सकाळी नऊला सूर्य 45 अंशांच्या जरा खाली असतो, म्हणजे बावीस फूट उंच दुमजली घराची सावली तेवढीच लांब पडते. साडेदहाला तीच दहा फुटांवर येते. दीड तासात अर्धा रस्ता उन्हात जातो.

दक्षिणोत्तर रस्त्यावर सकाळी पूर्वेकडच्या ओळीची सावली असते. आपण डाव्या बाजूने चालवतो, त्यामुळे सकाळी दक्षिणेकडे जाणाऱ्याला सावली मिळते आणि दुपार कलल्यावर उत्तरेकडे परतणाऱ्याला. नांदेडला तरोडा नाक्याकडून वजिराबादकडे सकाळी उतरणाऱ्याची जाताना सोय होते, पण तासाभरात माघारी फिरला तर ऊन तोंडावर नाही तरी अंगावर असतंच. परतीला उलट्या बाजूने चालवण्यापेक्षा आतली अरुंद गल्ली धरावी. 2008 च्या गुरु-ता-गद्दी सोहळ्याच्या निमित्ताने नांदेडचे रस्ते रुंद झाले ते वाहनांच्या सोयीचे, पण रुंद रस्त्याच्या मध्यापर्यंत कुठल्याच घराची सावली पोचत नाही. गोदावरीपलीकडे सिडकोत राहणाऱ्यांना पूल ओलांडायचाच असतो आणि पुलावर ना भिंत ना झाड. त्यांनी पुलाची वेळ आधी ठरवावी, बाकीची कामं तिच्याभोवती बसवावीत.

लातूरच्या गंजगोलाईत हा खेळ फार छान दिसतो. फैयाजुद्दीन या नगररचनाकाराने आखलेल्या या गोलाकार बाजाराला सोळा रस्ते येऊन मिळतात. कुठल्याही वेळी त्यांतले काही सावलीत असतात, काही उन्हात. सोन्यापासून मिरची-गुळापर्यंत सगळं तिथं मिळतं. सायकल एका सावलीच्या तोंडाशी स्टँडवर लावावी आणि चार दुकानं पायीच उरकावीत. दर दुकानापुढे सायकल नेऊन दरवेळी घाम फोडण्यात शहाणपण नाही. लातूर बालाघाटच्या पठारावर, नांदेडपेक्षा उंचावर आहे, त्यामुळे पारा दोनेक अंश कमी असतो. ऊन मात्र तितकंच.

कामांचा क्रम असा लावता येतो. भाजी आणि दूध उजाडल्या उजाडल्या, कारण तेव्हा डांबर रात्रभर निवलेलं असतं. बँक, पोस्ट उघडायच्या वेळी दारात हजर व्हावं, तिथून परस्पर घरी. औषधं, किराणा, दळण संध्याकाळी. सूर्य पावणेसातच्या पुढेमागे मावळतो, पण रस्ता तासभर तरी धग सोडतच असतो. दहा किलोच्या दळणाचा डबा शेवटी घ्यावा आणि कॅरिअरवर जुन्या ट्यूबच्या पट्टीने आवळावा. सुतळी डबा हलला की ढिली पडते, ट्यूब ताणून धरते. पालेभाजी ओल्या गोणपाटात गुंडाळून मागे, हँडलला नको. हँडलला एका बाजूला ओझं असलं की तोल सांभाळण्यात उगाच दम जातो.

सायकलचंही थोडं बघावं लागतं. उन्हाने ट्यूब फुटते असं सगळेच म्हणतात. 25 अंशांना 50 पौंड हवा भरली आणि टायर 55 पर्यंत तापला, तर दाब साधारण सहा-साडेसहा पौंडांनी वाढतो. धड टायर एवढ्याने फुटत नाही. फुटतो तो झिजलेला, दोरे दिसणारा टायर, किंवा जुन्या पंक्चरचं सोलूशन उन्हाने मऊ होऊन ठिगळ सुटतं. साध्या सायकलीच्या व्हॉल्व्हवरची रबरी नळी मात्र उन्हाळ्यात खरोखर चिरते आणि हवा हळूहळू उतरते. दुकानात ती चिल्लर पैशांत मिळते, दोन जास्तीच्या घेऊन ठेवाव्यात. सीट काळं असतं. सायकल उन्हात ठेवणं भागच असेल तर त्यावर ओलं फडकं टाकून जावं.

डोकं ठणकायला लागलं, मळमळलं, पोटऱ्यांत गोळे आले, की काम तिथंच सोडावं. सावलीत बसून मीठ-साखरेचं पाणी घोटघोट प्यावं आणि सायकल ढकलतही नेऊ नये. माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग तव्यासारखं तापलं, तर तो उष्माघात समजावा. अंगावर पाणी ओतून वारा घालायचा आणि 108 ला फोन लावायचा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

मृग लागून हवा दमट झाली की वरचे काही आकडे फिरतात. 36 अंश आणि 60 टक्के आर्द्रतेत ओली दस्ती 29 च्या खाली उतरत नाही, म्हणजे मे महिन्यातल्या 42 पेक्षाही कमी गारवा देते. पाऊस दडी मारून बसलेल्या त्या आठवड्यांत आकडा लहान म्हणून दुपारी निघू नये, आणि दस्ती भिजवण्यापेक्षा घाम पुसायला कोरडीच ठेवावी.