डॉक्टरच रोगी होतो तेव्हा

डॉ. अभय बंग. सेवाग्रामच्या गांधीवादी वातावरणात वाढलेला माणूस. १९९५ साली, वयाच्या अवघ्या ४४व्या वर्षी, त्यांना हृदयविकाराचा झटका आला! गडचिरोली जिल्ह्यातल्या चातगावजवळच्या शोधग्राममधल्या ‘माँ दंतेश्वरी दवाखान्या’त इतरांना तपासणारा डॉक्टर स्वतःच पेशंट झाला.

पुढे त्यांनी आहार, योग, ध्यान, मनावरचा ताण या सगळ्याची स्वतःवरच तपासणी केली. याला आधारही होता: अमेरिकेतले डॉ. डीन ऑर्निश यांनी १९९०मध्येच दाखवलं होतं, की जीवनशैली बदलली तर हृदयाच्या धमन्यांतले अडथळे थोडे मागे हटू शकतात. बंग यांच्या या स्वतःवरच्या तपासणीतूनच ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे पुस्तक आलं. आजारपणावर इतकं प्रामाणिक पुस्तक मराठीत दुसरं नाही, असं माझं मत.

अजून वाचलं नसेल तर वाचा. आणि हो, झटका आला तर वेळ महत्त्वाची; गडचिरोलीतल्या दुर्गम भामरागडहून नागपूरचा मोठा दवाखाना गाठायचा म्हणजे दिवस मोडतो. म्हणून छातीत दाब, दरदरून घाम, हातात किंवा जबड्यात कळ आली, तर गॅसची गोळी घेऊन बसू नका. लगेच १०८ला फोन लावा.