डोंगा आणि लाटेवरची फळी

आमच्या नागपुरात शून्य मैलाचा दगड आहे, पण समुद्र पाहायचा तर रात्रभर रेल्वेत बसावं लागतं. तरीही आज मी समुद्राच्या लाटेवर उभं राहायच्या फळीविषयी, म्हणजे सर्फबोर्डविषयी बोलणार आहे. कारण या फळीचं आणि आपल्या वैनगंगेवरच्या डोंग्याचं मूळ एकच आहे : झाडाचा बुंधा.

आपल्याकडे जाड बुंध्याचं पोट कोरून डोंगा करतात. हवाई बेटांवरच्या लोकांनी असाच बुंधा तासून, घासून त्याची फळी केली. सरदारांच्या लांबलचक फळीला ‘ओलो’ म्हणत, तर सामान्यांच्या आखूड, पातळ फळीला ‘अलाया’. होनोलुलूच्या बिशप संग्रहालयात जुने ओलो आहेत. त्यांचं वजन ७० किलोच्या आसपास भरतं. ते उचलून पाण्यापर्यंत न्यायचं, म्हणजे पैलवानाचंच काम!

म्हणून या फळीचा पुढचा इतिहास हा वजन उतरवण्याचा इतिहास आहे. १९२०च्या दशकाच्या अखेरीस टॉम ब्लेक या अमेरिकन जलतरणपटूने ती आतून पोकळ केली. १९३५ साली त्यानेच तिच्या शेपटाखाली माशासारखा पर बसवला. पर नसलेली फळी लाटेवर आडवी घसरते. पर असला की ती वाट धरते. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूंचं कापड आणि राळ, म्हणजे आपण ज्याला नुसतं ‘फायबर’ म्हणतो ते आलं. आत बाल्सा नावाचं हलकं लाकूड, वर फायबरचं कवच. १९५८च्या सुमारास होबी ऑल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी लाकूडही काढून टाकलं आणि आत फोम भरला. साठच्या दशकाच्या शेवटी फळी आखूड झाली. १९८०मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसनने तिला तीन पर लावले. ती रचना आजही सर्वत्र दिसते.

फोमचा सर्वांत मोठा कारखाना होता क्लार्कचाच. ५ डिसेंबर २००५ रोजी तो अचानक बंद झाला. फळ्या करणारे हवालदिल झाले आणि अनेक जण थर्माकोलच्या जातीच्या फोमकडे वळले. त्यावर इपॉक्सी राळेचं कवच. आज सहा फुटांची फळी तीनेक किलोंत बसते. शाळकरी मुलगीही ती काखेत मारून निघते. वजन उतरलं, तसा खेळ अधिकाधिक लोकांच्या आवाक्यात आला.

पण हलकेपणाइतकाच आकार महत्त्वाचा. गोल बुडाचा ओंडका पाण्यात लोळतो. रुंद, सपाट बूड एका बाजूला कललं, की ती बाजू जास्त बुडते आणि पाणी तिला तितक्याच जोराने वर ढकलतं. डोंगा अरुंद आणि गोल बुडाचा; त्यात कुणी उभं राहिलं की काळजाचा ठोका चुकतो. यावर हवाईच्या लोकांनी होडीच्या बाजूला आडव्या दांड्यांनी एक तरंगतं लाकूड जोडलं. आपल्या कोकणातही ही युक्ती आहे, तिला उलांडी म्हणतात. दोन डोंगे थोडं अंतर ठेवून घट्ट बांधले, तरी तोच आधार मिळतो.

हे सगळं मी का सांगतो आहे? २३ जानेवारी २०२४ रोजी गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी तालुक्यात, मिरची तोडायला निघालेल्या बायकांची नाव वैनगंगेत उलटली. सहा जणी बुडाल्या. त्या खेळायला निघाल्या नव्हत्या, मजुरीला निघाल्या होत्या.

पाण्यावर तोल कसा राखावा, हे जगाला आता पुरतं ठाऊक आहे. करमणुकीसाठी त्यावर शंभर वर्षं डोकं लढवलं गेलं. आपल्या तलावांवर उघड्या थर्माकोलवर बसून जाळं टाकणारे मासेमार मी पाहतो. तो भुगा होऊन पाण्यात पसरतो. त्याच्यावर फायबरचं कवच चढलं तर तोच वर्षानुवर्षं टिकेल. रुंद बुडाची फायबरची नाव, बाजूला उलांडी आणि बसणाऱ्या प्रत्येकाच्या अंगात तरंगतं जाकीट, यातलं काहीच आता अवघड राहिलेलं नाही. पूल होईल तेव्हा होईल. तोवर निदान एवढं शहाणपण समुद्रावरून आपल्या घाटापर्यंत यायला हवं.